डॅशबोर्डमागचा डबा

६ मे

ती. दादास,

शि. सा. न. पुढचा मायना तू नाहीतरी गाळूनच वाचतोस, म्हणून थेट कामाचं लिहितो.

फोन करून विचारलं असतं, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात तू कान घालवून बसलास. मागच्या वेळी मी घसा फोडून बोललो आणि तू शेवटी म्हणालास, "बरं, बरं, शेजारणीला निरोप देतो." तेव्हा पत्रच बरं.

काम असं आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घाटातली शर्यत आहे, दरवर्षीचीच. पायथ्याशी एकेक गाडी सोडतात आणि माथ्यावर तिची वेळ मोजतात. गेल्या वर्षी मला ज्या पोराने मागे टाकलं, त्याला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कळलं होतं. हसू नकोस. त्याची गाडी म्हणजे नुसतं खोकं आहे, आत एक सीट आणि तो. माझ्या लाल गाडीत मात्र एसी, हीटर, ब्लोअर, नळ्या, पट्टे असा सगळा संसार भरलेला. तो मला उतरवायचाय. तू आयुष्यभर लोकांच्या गाड्यांत एसी बसवलेस, आता एक काढायचा कसा ते धाकट्या भावाला सांग. कुठून सुरुवात करू, आधी काय, नंतर काय, सगळं पायरीपायरीने लिही.

तब्येत ठणठणीत. स्कूल जोरात चालू आहे. अक्षर मोठं दिसतंय ते पेन जाड आहे म्हणून. तुझी भावजय, म्हणजे आमच्या मॅडम, मजेत आहेत. शाळेला सुट्टी लागली की त्या घरालाच गणिताचा वर्ग समजतात, एवढाच त्रास.

तुझा,
बारक्या


१८ मे

चि. बारक्यास,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने द्यायला नकोत.

पेन जाड आहे, हे तू मला सांगतोस? तू जन्मलास तेव्हा मी कामाला लागलो होतो. तुझं खोटं बोलणं मी तुला दात यायच्या आधीपासून ओळखतो. मॅडमनी मला मार्चमध्येच सगळं कळवलंय. नसांचा आजार. अंग तापलं की तुझ्या उजव्या डोळ्यापुढे धूर येतो आणि पाय जड पडतो, गार झालं की उतरतं. शिकाऊ पोरांना बाजूला बसवून गाडीत फिरणं तू जानेवारीतच बंद केलंस. स्कूल जोरात चालू आहे ते तुझ्या कारकुनाच्या जिवावर.

डॉक्टरांनी तुला सांगितलं काय, तर उन्हापासून, गरमीपासून लांब राहा. आणि तू काढायला निघालास काय, तर एसी. अरे, त्या गाडीतली तुझ्या उपयोगाची तेवढी एकच वस्तू आहे. बंद काचा, डोक्यावर हेल्मेट, अंगात तो गोधडीसारखा सूट, पायाशी तापलेलं इंजिन, आणि वर चढायचा घाट. तिसऱ्या वळणावर धूर आला म्हणजे? खाली दरी आहे. की वजन कमी करायला तीही काढून टाकणार आहेस?

मी काही सांगणार नाही. मला स्वतःला जिना उतरायचा तर शेजाऱ्याला हाक मारावी लागते, हृदयाच्या डॉक्टरने प्रवास बंद केलाय. नाहीतर येऊन तुझ्या कानाखाली दिली असती आणि मग चहा घेतला असता.

गाडीवर कापड घाल आणि सावलीत बस.

दादा


२९ मे

ती. दादास,

मॅडमशी मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीठ सापडेना म्हणून बोललो.

ठीक आहे, तुला सगळं माहीत आहे, मग उरलेलंही सांगतो. मी बरा होणार नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा त्यांचं लक्ष सगळं टेबलावरच्या पेपरवेटकडे होतं, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. आजार हळूहळू जाणार म्हणे. म्हणजे जाणार नाही, मला घेऊन जाणार. आधी डोळे, मग हात की आधी हात, एवढंच ठरायचंय. सकाळी शर्टाची बटणं लावताना मला कळतं की काल जमत होतं त्यातलं थोडं आज जमत नाही. मला फार भीती वाटते दादा. मॅडमना हे बोललो नाही, तुलाही नसतं बोललो.

पुढच्या वर्षी मी गाडीत बसू शकणार नाही. म्हणून हे वर्ष. शर्यतीत नाव दिलंय. जिंकायचं नाही, एकदा हलक्या गाडीतून वर जायचंय, त्या पोरासारखं.

तू नाही सांगितलंस तर कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आहेच. तो गॅस खुशाल हवेत सोडेल, नळ्या करवतीने कापेल आणि मला म्हणेल, झालं साहेब. तुला चालेल का ते बघ.

बारक्या


८ जून

मॅडम,

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी आलं असतं तर बारक्याने पाकीट उजेडात धरून बघितलं असतं, लहानपणी माझ्या पत्रांचं तेच करायचा.

तो ऐकणार नाही. म्हणून मी त्याला सांगायचं ठरवलंय, पण माझ्या पद्धतीने. तुम्हाला खरं काय ते समजावून ठेवतो. एसी काढायचा सोपा रस्ता असा आहे: मशीनने गॅस ओढून घ्यायचा, बॉनेट उघडायचं, इंजिनवरचा कॉम्प्रेसर, रेडिएटरपुढची जाळी आणि नळ्या सोडवायच्या, हीटरचे दोन पाईप एकमेकांना जोडून टाकायचे. एका दुपारचं काम, आणि वजनाचा मोठा भाग तिथेच आहे.

उरतो तो डॅशबोर्डमागचा डबा. त्यात गार करायची कॉइल, हीटरचा छोटा रेडिएटर आणि ब्लोअर असतो. त्याचं वजन काही फार नाही, पण तो काढायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. स्टिअरिंग, मीटर, असंख्य क्लिपा आणि वायरींचं जंगल. सराईत माणूसही ते काम दुसऱ्यावर ढकलतो. मी बारक्याला सांगणार आहे की सुरुवात तिथूनच करायची असते. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधायला लावणार आहे. एक पायरी झाली की पत्र, मग पुढची पायरी. आमच्या दोघांच्या टपालाचा वेग तुम्ही बघताच. सप्टेंबर संपेल तेव्हा गाडी आतून उघडी पडलेली असेल, आणि तशी गाडी शर्यतीत कुणी उभी करत नाही.

डॅशबोर्ड उतरेपर्यंत गाडीतला गॅसही जागेवर राहील. फसवणूक आहे, कबूल. पण तो घाटात जाण्यापेक्षा शेडमध्ये बसलेला बरा. तुम्ही फक्त त्याला मदतनीस मिळू देऊ नका आणि मला त्याची तब्येत कळवत राहा.

दादा


८ जून

चि. बारक्यास,

तू जिंकलास. त्या गॅरेजवाल्याची करवत माझ्या स्वप्नात येईल, त्यापेक्षा मीच सांगतो.

नियम एकच, आतून बाहेर. आधी डॅशबोर्डमागचा डबा, बॉनेटखालचं सगळ्यात शेवटी. बाहेरच्या नळ्या आधी सोडल्यास तर आतल्या डब्यावर ताण येऊन तो तडकतो आणि हीटरचं उकळतं पाणी पायावर येतं. गॅसला मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही.

पहिली पायरी. बॅटरीची तार काढ. सीट दोन्ही काढ, म्हणजे आत आडवं पडता येईल. मग स्टिअरिंगखालचं झाकण, मीटरभोवतीची चौकट, रेडिओ. जो स्क्रू निघेल तो वेगळ्या डबीत आणि डबीवर त्याचं नाव. जी वायर सुटेल तिला कागदाची चिठ्ठी, दोऱ्याने बांधून, मोठ्या अक्षरात. घाई करशील तर मी पुढची पायरी सांगणार नाही.

डोळा दुखायला लागला की थांब. गार पाणी पी.

दादा


३० जून

ती. दादास,

तुझ्या पद्धतीने एसी काढायला लागलो तर माणूस म्हातारा होतो, हे मला आता कळलं. पण काय सांगू, मजा येतेय.

सीट काढल्या. आता आत उताणा पडतो, डोकं स्टिअरिंगखाली आणि पाय दाराबाहेर. मॅडम म्हणतात, रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल गाडीने माणूस गिळायला घेतलाय. रेडिओ निघाला, मीटर निघाले, चौकटीची एकही क्लिप तुटली नाही. घरातल्या लोणच्याच्या, औषधाच्या, क्रीमच्या सगळ्या डब्या शेडमध्ये आल्या, प्रत्येकीवर नाव. एक स्क्रू असा आहे की तो कुठला ते मला कळलंच नाही, त्याच्या डबीवर "दादाला विचारणे" असं लिहिलंय.

चिठ्ठ्यांचा मात्र ताप आहे. मॅडमनी शेडमध्ये पंखा लावून दिला होता, पण वारा लागला की कागद फाटून उडतात आणि कुठली वायर कुठली ते कळेनासं होतं. दोनदा पहिल्यापासून बांधल्या. म्हणून आता पंखा बंदच ठेवतो.

लांब दांड्याचा पाना हवा होता, तो कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून आणला. काय चाललंय ते ऐकून तो बराच वेळ हसला. त्याला म्हटलं, हसू नकोस, माझा भाऊ यातला मोठा माणूस आहे.

तुझं पत्र भिंतीवर चिकटवलंय. पुढची पायरी पाठव.

बारक्या


१४ जुलै

चि. बारक्यास,

मीटरच्या चौकटीची एकही क्लिप तुटली नाही, हे वाचून मी शेजाऱ्याला बोलावून सांगितलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याने मान हलवली. चिठ्ठ्यांचं तू छान केलंस. माझ्या हाताखाली इतकी माणसं आली, इतक्या नेटाने कुणी केलं नाही.

ज्या स्क्रूची डबी माझ्या नावाने ठेवलीस, तो बहुधा शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याचा आहे. लांबोडा आणि टोकाला बोथट असेल तर तोच.

आता दुसरी पायरी. स्टिअरिंगची दांडी खाली सोडायची. डॅशबोर्ड कडेच्या बोल्टांवर असतो, मधे दोन छुपे असतात, ते कापडाच्या पट्टीखाली हाताने चाचपून शोधायचे. डोळ्यांचं काम नाही ते, बोटांचं आहे. मी एकदा फळांच्या गोदामात थंडगार खोलीत असाच एक बोल्ट शोधत बसलो होतो आणि बाहेरून कुणी तरी दार लावून घेतलं. तेव्हा मी काय केलं असेल? बोल्ट शोधला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दार उघडलं तेव्हा मिशीला बर्फ लागलेला होता आणि हातात बोल्ट होता. तुझी वहिनी असती तर तिने तुला हे मीठमिरची लावून सांगितलं असतं.

डॅशबोर्ड उतरला की गॅरेजवाल्याला मशीन घेऊन शेडमध्ये बोलाव, गॅस ओढून घे, पाणी काढ, आणि डबा मागे ओढून बाहेर घे. आठवड्यात जमलं नाही तर महिन्यात जमव, माझं काही म्हणणं नाही.

तुझ्या पत्रांची मी वाट बघतो, हे तुला सांगायला हरकत नाही. इथे वाट बघण्यासारखं दुसरं काही नसतं.

दादा


११ ऑगस्ट

ती. भाऊजींस,

सा. न. आज मन शांत नाही, चुकलं तर समजून घ्या.

सोमवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर हे शेडमध्ये, गाडीत उताणे, पाय बाहेर. हाक मारली तर म्हणाले, "मॅडम, जरा पाय धरून ओढा, मला उठता येत नाहीये." बोलणं अगदी सहज. मी ओढून बाहेर काढलं. उभं राहता येईना. मग म्हणाले, "दिवे गेलेत का?" भरदुपार होती भाऊजी. दार सताड उघडं होतं.

गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. संध्याकाळी डाव्या डोळ्याला दिसायला लागलं. उजवा परत आला नाही. उजव्या हाताची बोटंही पुरती मिटत नाहीत.

तुम्हाला शेड माहीत नाही. वरून नुसता पत्रा आहे. यंदा पावसानेही दडी मारली, दुपारी आत भाजून निघतं. म्हणून मी पंखा लावून दिला होता, तो हे चिठ्ठ्या उडतात म्हणून बंद करत होते. मी शाळेत असायचे, मला वाटायचं पंखा चालू आहे. जून-जुलै सगळा त्यांनी त्या पत्र्याखाली काढला. डबा निघाला आहे. तो बाहेर काढताना ते पडले.

डॉक्टर म्हणतात, हे असंही होणारच होतं, गरमीने फक्त तेवढ्यापुरतं वाढतं, मूळ आजार त्याच्या चालीने चालला आहे. मी गणित शिकवते. मला कुणी तरी हे मांडून दाखवावं, म्हणजे मी विश्वास ठेवीन.

आणखी एक. शर्यत भरवणारे गृहस्थ दवाखान्यात भेटले. मी चिडून म्हटलं, असल्या माणसाचं नाव तुम्ही घेतलंच कसं. ते म्हणाले, "आम्ही एप्रिलमध्येच नाही म्हणून सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांनी तपासून परत पाठवलं त्यांना." एप्रिलमध्ये. म्हणजे तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधी. त्यांना घाटात कुणी जाऊच देणार नव्हतं, आणि आपण त्यांना घाटातून वाचवत होतो.

हे मला कळलं आहे असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

आपली,
मॅडम


२० ऑगस्ट

चि. बारक्यास,

काम बंद कर. डबा निघाला ना, बस झालं. बॉनेटखालच्या कशालाही हात लावू नकोस. शेडला कुलूप घाल आणि किल्ली मॅडमकडे दे.

चिठ्ठ्यांसाठी पंखा बंद ठेवतोस हे तू जूनमध्येच लिहिलं होतंस. ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेलो. आयुष्यभर लोकांना गार हवा पुरवली आणि माझा भाऊ पत्र्याखाली तापतोय हे मला कागदावर दिसत असून कळलं नाही. मी तुला शाबासकी दिली. ते पत्र तुझ्या भिंतीवर असेल तर फाडून टाक.

यापुढे पायऱ्या नाहीत. मला माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, आणि का नाही ते मला लिहवत नाही.

दादा


३० सप्टेंबर

ती. दादास,

मी सांगतोय आणि मॅडम लिहून घेतायत, त्यामुळे शुद्धलेखन बरं असेल. मधे मधे त्या रडायला थांबतात, तेवढा वेळ लागतोय.

तुला का लिहवत नाही ते मी सांगतो. लांब दांड्याचा पाना आणायला गेलो ना, तेव्हाच गॅरेजवाल्याने सांगितलं की डॅशबोर्डला हात लावायची गरजच नाही, बॉनेटखालचं सगळं दुपारभरात निघतं. त्याला वाटलं माझा भाऊ वेडा आहे. मला वाटलं, माझा भाऊ आतून बाहेर म्हणतो त्याअर्थी त्याला मला गुंतवून ठेवायचंय. आणि मॅडमच्या पर्समध्ये शाळेच्या पत्त्यावर आलेलं पाकीट होतं. तुझं अक्षर मला एका डोळ्यानेही ओळखता येतं.

म्हणजे मला जूनपासून माहीत होतं. शर्यतीचं तर त्याआधीपासून. मला तिथे घेणार नव्हते.

मग का केलं असं मॅडम विचारतायत. दादा, तुझी पत्रं वर्षाला दोन यायची, त्यात हवापाणी आणि तब्येत. मी एसीचं विचारलं आणि तू पानंच्या पानं लिहायला लागलास. ओरडलास, शिकवलंस, फळांच्या गोदामातली गोष्ट सांगितलीस. ती मी याआधी कधी ऐकली नव्हती. तू मला सोपा रस्ता सांगितला असतास तर एका पत्रात सगळं संपलं असतं. म्हणून पंखा बंद करून मी तुझ्या चिठ्ठ्या बांधत बसलो. ते माझं मी केलं, तुझ्या माथी नको घेऊस. घेशीलच म्हणा, तुझी खोडच आहे.

रविवारी शर्यत झाली. मॅडमनी किल्ली दिली. आत जाऊन गाडीत बसलो, सीट नव्हत्या म्हणून नुसत्या पत्र्यावर. समोर डॅशबोर्ड नाही, वायरी लोंबतायत, त्यांना चिठ्ठ्या. काय लिहिलंय ते दिसलं नाही. मग बाहेर आलो आणि हलकी झाली का बघावं म्हणून मागून ढकलून बघितलं. मला ती इंचभरही हलवता आली नाही. मॅडमनी एका हाताने हलवली.

आता थंडी येईल. गाडीत हीटर नाही. तो डबा परत कसा बसवायचा, ते पहिल्यापासून लिही.

बारक्या


२ डिसेंबर

ती. भाऊजींस,

सा. न. यांच्या पत्राला तुमचं उत्तर नाही. तुमच्या शेजाऱ्यांना फोन केला, ते म्हणाले तुम्ही बरे आहात, नुसते कागद पुढे घेऊन बसता आणि उठता. म्हणून मीच लिहिते.

डावा डोळाही गेला. उजेड आणि सावली एवढं कळतं. दोन्ही हात उशीवर ठेवले की तिथेच राहतात. भरवावं लागतं. बोलणं मला कळतं, इतरांना कळत नाही. डॉक्टरांनी पुढचं काही सांगायचं आता बंद केलं आहे. आम्हीही विचारत नाही.

रोज टपालाच्या वेळेला विचारतात, "दादाची पायरी आली?" मी म्हणते, टपालाला उशीर होतोय. त्यांना हे खरं वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

परवा मी तुमचं जुलैचं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. दोन छुपे बोल्ट हाताने चाचपून शोधायचे, इथपर्यंत आल्यावर ते म्हणाले, "थांबा." मी थांबले. डोळे मिटून पडले होते. बराच वेळ गेला. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "हं, झालं. पुढचं वाचा." दोन्ही बोल्ट सापडेपर्यंत त्यांनी मला थांबवून ठेवलं. मी इतके महिने त्यांना इतकं निवांत बघितलं नव्हतं.

शेडला कुलूप आहे. डबा भिंतीशी तसाच पडलेला आहे. तो कुणी बसवणार नाही, मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही. गाडी त्यांच्यामागे मी भंगारात देईन.

तरी तुम्ही लिहा. अगदी बारीकसारीक लिहा. सगळ्यात लांबचा रस्ता असेल तो लिहा.

आपली,
मॅडम


१२ डिसेंबर

चि. बारक्यास,

उशीर झाला. टपालाचा काही दोष नाही, माझाच आहे. मला तिथे यायचं होतं. डॉक्टरला विचारलं, तो नाही म्हणाला, आणि खरं सांगायचं तर तो हो म्हणाला असता तरी तुला बघायचा मला धीर झाला नसता. म्हातारा झालो आणि भित्राही झालो. आता कामाला लागू.

काढलं होतं आतून बाहेर. बसवायचंही आतूनच, म्हणून पहिल्यांदा डबा.

तो भिंतीशी आहे. उचलायच्या आधी कोरड्या कापडाने पुसून घे. इतक्या महिन्यांची धूळ बसली असेल, कोपऱ्यांत जास्त असते, तिथे बोट घालून पूस. ब्लोअरचं चाक हाताने फिरवून बघ. अडकत असेल तर आत एखादी चिठ्ठी गेली असेल, ती हळूच ओढून काढ. पंखा चालू ठेव, चिठ्ठ्या उडाल्या तर उडू देत, कुठली वायर कुठे जाते ते मला सगळं पाठ आहे, मी सांगतो.

आता डबा दोन्ही हातांनी धर आणि गाडीत शीर. हीटरच्या दोन नळ्यांची तोंडं इंजिनच्या बाजूला करायची. पत्र्याला दोन भोकं आहेत, त्यात ती जायला हवीत. पहिल्या खेपेला जाणार नाहीत, कुणाचीच जात नाहीत. जोर लावू नकोस. थोडा मागे घे, डावीकडे कलव, पुन्हा पुढे ने. बसला की हाताला कळतं.

चार नट आहेत. चारही नुसत्या बोटांनी लाव, अर्धेच पीळ. पाना आत्ता नको. एक घट्ट केलास की बाकीचे तिरके जातात. वरचा डावा आधी, मग खालचा उजवा, मग उरलेले दोन. प्रत्येक नट लावताना आधी थोडा उलटा फिरव, पीळ जुळला की तो टक् करून खाली बसतो, मगच सुलटा फिरवायला लाग.

मॅडम, इथे थांबा. त्याला चारही लावू द्या.

दादा